सेलोटेप लावलेली कॅसेट

मित्रांनो, तुम्ही मला पाहून ओळखलं नाहीत तर मी रुसणार नाही. टीव्हीखालच्या फळीवर बसणारी एक काळी, चपटी पेटी. पुढे आडवं तोंड, तोंडावर झुलणारं झाकण. त्या तोंडात पुस्तकाएवढी कॅसेट सरकवली की ती मी आत ओढून घ्यायचो आणि टीव्हीवर सिनेमा सुरू व्हायचा. मला व्हीसीआर म्हणत. आता माझी बटणं झिजली आहेत, एक तर पडलंच आहे. पण मी ज्या घरात राहिलो, तिथं जे घडलं ते सांगावं असं फार दिवस मनात आहे.

माझी जुळणी दूरदेशीच्या एका कारखान्यात झाली. माझ्या पोटात एक चकचकीत गोल ढोल बसवला. त्याच्या कडेला असतात माझी हेड्स. कॅसेटमधली तपकिरी फीत त्या ढोलाला लपेटून फिरते आणि तिच्यावर जे साठवलेलं असतं ते मला कळतं. पट्टे, चाकं, रबरी रोलर सगळं तपासून मला थर्मोकोलच्या खोक्यात बसवलं. तिथून जहाज, मग गोदाम, मग सुरतमधलं एक दुकान.

नव्वद सालच्या दिवाळीत योगेंद्रनं मला सुरतच्याच भेस्तान भागातल्या घरी आणलं. योगेंद्र पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होता. मला धक्का लागू नये म्हणून त्यानं खोक्याभोवती मिलमधला गुलाबी कापडाचा तुकडा गुंडाळला होता. घरात त्याचे वडील धुडकू होते. त्याच मिलमध्ये राबून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आई मंगलाबाई होत्या. आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण रंजना. सगळे मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. मंगलाबाईंनी मला कुंकू लावलं आणि माझ्यावर पांघरायला क्रोशाचा रुमाल विणला.

पहिल्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली माणसं दारातून, खिडकीतून डोकावत होती. सिनेमा संपला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच आहेत.

सगळ्यात मोठं कौतुक मात्र मंगलाबाईंचं होतं. मित्रांनो, त्यांचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. जाड, खुला, घराबाहेरच्या ओट्यापर्यंत सहज पोचणारा. भेस्तान-पांडेसऱ्यात कुणा खानदेशी घरी लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशीच बोलावणं यायचं. हळदीची, मांडवाची, वाटे लावायची म्हणजे पाठवणीची, सगळी गाणी त्यांना पाठ होती. कुठलं गाणं कुठल्या वेळेला म्हणायचं आणि कुणाचं नाव कुठं घालायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या अहिराणीत गायच्या आणि बाकीच्या बायका मागून तीच ओळ घेऊन ओढ धरायच्या.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात योगेंद्रचं लग्न झालं. जयश्री या घरात आली. लग्नाचं शूटिंग झालं होतं. त्याची कॅसेट आली तेव्हा सगळे माझ्यासमोर बसले. आधी नावं, मग वरात, मग मंगलाष्टकं, मग पंगती. शूटिंगवाल्यानं हळदीची गाणी मात्र अगदी शेवटी टाकली होती. योगेंद्रनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, बायकांची गाणी कोण बघतं, फीत उरली म्हणून जोडून दिली. मंगलाबाई हसल्या होत्या. जयश्रीला ते आवडलं नव्हतं, पण ती नवीन होती, बोलली नाही. त्या दिवशी तिनं कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा सुरीनं तोडून टाकला. तो तुकडा तुटला की मी त्या कॅसेटवर नवं काही उतरवून घेत नाही. चुकून कुणी बटण दाबलं तरी घेत नाही. जे आहे ते तसंच राहतं.

जयश्रीच्या माहेरी, अमळनेरला, एक प्रत द्यायची होती. योगेंद्रनं कॅसेट पांडेसऱ्यातल्या बाबुराव नावाच्या माणसाच्या व्हिडिओ सेंटरमध्ये दिली. दोन आठवड्यांनी बाबुराव म्हणाला, मशीननं फीत खाल्ली, फेकून द्यावी लागली. योगेंद्र चिडला, भांडला आणि घरी आला. जयश्री दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. मग तिनंही तो विषय सोडला.

एवढं होऊनही योगेंद्रचं बाबुरावकडे जाणं थांबलं नाही. पांडेसऱ्यात इतक्या स्वस्तात नवा सिनेमा देणारा दुसरा कुणी नव्हता. दर शनिवारी तो एक कॅसेट विकत घेऊन यायचा. अशानं कपाटाचे दोन कप्पे भरले. पाहुणे आले की तो कपाट उघडून दाखवायचा आणि सांगायचा की सगळ्या ओरिजिनल आहेत.

तसं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओरिजिनल कॅसेट माझ्या पोटात आली की फीत रेशमासारखी सरकायची. सुरुवातीचं सेन्सॉरचं सर्टिफिकेट अक्षर न् अक्षर दिसायचं. चोरीची कॅसेट आली की फितीची भुकटी माझ्या हेड्सना चिकटायची, लाल साडीचा रंग साडीबाहेर ओघळायचा. एकदा तर भर पडद्यावर कुणीतरी उठून गेल्याची सावली दिसली. ती थिएटरात लपवून काढलेली प्रिंट होती. योगेंद्र म्हणाला, केबलमध्ये बिघाड असेल. जयश्री फक्त त्याच्याकडे बघत राहिली.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. सगळ्यांनी घाईघाईनं कपडे बांधले आणि गावाकडची गाडी धरली. मला चादरीत गुंडाळून बंद घरात ठेवलं. माणसं परत आली तेव्हा बऱ्याच दुकानांची शटरं पुन्हा उघडली, पण बाबुरावचं उघडलं नाही. तो कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही.

मग केबल आली. टीव्हीवर दिवसभर काही ना काही असायचं, माझी गरज कमी झाली. आणि सत्त्याण्णवमध्ये मंगलाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. बोलायला गेलं की नुसता वारा यावा तशी कुजबूज निघायची. पहिल्या महिन्यात त्या पुष्कळ प्रयत्न करायच्या. नंतर त्यांनी बोलणंच कमी केलं. लग्नाची बोलावणी आली तर जायच्या, कोपऱ्यात बसून टाळीनं ताल धरायच्या, आणि बायका दुसऱ्या ओळीवर अडखळल्या की त्यांची टाळी थांबायची.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत रंजनाचं लग्न ठरलं. मुलगा सुरतजवळच्या सचिन गावात नोकरीला होता. रंजना सुरतेत वाढलेली मुलगी. मैत्रिणींशी गुजरातीत बोलायची, बाहेर हिंदीत, आणि घरातल्या अहिराणीला उत्तर द्यायची ते मराठीत. हळदीला काय करायचं अशी चर्चा निघाली तेव्हा तिनं सांगून टाकलं की मोठा डेक आणू आणि सिनेमाची गाणी लावू. तिनं हे आईला दुखवायला म्हटलं नव्हतं. गाणार कोण, हा प्रश्न होताच. मंगलाबाईंनी मान हलवली. धुडकू म्हणाले, "आयुष्यभर ही गाणी माझ्या कानावरून गेली. मला त्यातल्या दोन ओळी सांगता येत नाहीत. मी कधी नीट ऐकलंच नाही."

त्याच सुमारास दोन गोष्टी एकत्र जुळून आल्या. भेस्तानच्या खानदेशी मंडळाला वाचनालयात एक टीव्ही आणि माझ्यासारखाच एक व्हीसीआर मिळाला होता, आणि मंडळाचे सेक्रेटरी रघुनाथ घरोघर जाऊन जुन्या कॅसेट मागत होते. त्यांची अट एकच होती, कॅसेट ओरिजिनल हवी. चोरीच्या कॅसेटींपायी जवळच्या एका दुकानावर धाड पडली होती आणि त्यांना मंडळाच्या नावाला बट्टा नको होता. दुसरी गोष्ट म्हणजे रंजनाच्या लग्नाचं शूटिंग करणारा लखन. तो सांगून गेला होता की घरात जुन्या, धडधाकट कॅसेट असतील तर काढून ठेवा, त्यांच्यावरच शूटिंग घेतो.

योगेंद्रनं ठरवलं की ओरिजिनल मंडळाला द्यायच्या आणि बाकीच्या लखनला. पण ओरिजिनल कुठल्या, हे ठरवायला तो बसला की सगळ्याच ओरिजिनल निघायच्या. तेव्हा जयश्री म्हणाली, मी बघते.

एका दुपारी तिनं दोन्ही कप्पे जमिनीवर रिकामे केले. शेजारी मंगलाबाई लग्नाचे गहू निवडत बसल्या होत्या. जयश्रीनं प्रत्येक कॅसेट उजेडात धरून पाहिली. ओरिजिनलच्या कव्हरावर छपाई स्वच्छ, कलाकारांची नावं शुद्ध, आणि कोपऱ्यात एक चमचमती चकती, हलवली की रंग बदलणारी. कॅसेटवर कंपनीचं लेबल सरळ चिकटवलेलं, आणि कडेचा तो तुकडा कारखान्यातूनच नसलेला. चोरीच्या कॅसेटचं कव्हर म्हणजे झेरॉक्सवर झेरॉक्स, नायिकेचा चेहरा निळा पडलेला. आत भलत्याच कंपनीची कोरी कॅसेट, वर स्केचपेननं लिहिलेलं नाव. जिथं शंका वाटली तिथं तिनं कॅसेट माझ्या तोंडात सरकवून सुरुवात बघितली. ओरिजिनलचा ढीग अगदीच लहान झाला. ती स्वतःशीच हसली. आता योगेंद्रला काय सांगायचं, हे बहुधा तिच्या मनात चाललं असावं.

मग एक कॅसेट हातात आली आणि ती थबकली. एका मारधाडीच्या सिनेमाची कॅसेट होती. कव्हर चोरीचं, नाव स्केचपेनचं, आत भलत्याच कंपनीची कोरी कॅसेट. म्हणजे लखनच्या ढिगात. पण तिच्या कडेचा तुकडा तुटलेला होता, आणि त्या भोकावर पिवळा पडलेला सेलोटेप चिकटवला होता.

मित्रांनो, भोकावर सेलोटेप लावला की मी फसतो. मला वाटतं तुकडा जागेवर आहे, आणि मी वरून नवं उतरवून घेतो. बाबुरावच्या मशीनचंही तसंच झालं असणार.

जयश्रीनं तो सेलोटेप नखानं उचलून पाहिला. कोऱ्या कॅसेटचा तुकडा कुणी उगाच तोडत नाही. आतलं काहीतरी जपायचं असेल तेव्हाच तोडतात. तिनं मंगलाबाईंना विचारलं, "आई, ही कुणाची असेल?" मंगलाबाईंनी कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली. त्यांना ठाऊक नव्हतं.

जयश्रीनं कॅसेट मला दिली आणि फीत पुढे पळवली. हा सिनेमा मी अनेकदा दाखवला होता. पण शेवटची पाटी आली की कुणी ना कुणी बटण दाबून मला थांबवायचंच. त्या पाटीपुढे फितीवर काय आहे, हे मलाही कधी कळलं नव्हतं. या वेळी पाटी आली, गेली. पडद्यावर मुंग्यांसारखे ठिपके नाचू लागले. जयश्रीनं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि वाट पाहिली.

ठिपके एकदम गेले. पडदा पिवळा झाला. मांडव होता, हिरव्या डहाळ्यांचा. पाटावर योगेंद्र बसला होता, बारीक मिशीचा, हळदीनं माखलेला. आणि त्याच्या शेजारून आवाज आला.

"पिवयी व्हयनी सकाय, पिवया व्हयना मांडो..." पिवळी झाली सकाळ, पिवळा झाला मांडव.

मंगलाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. गहू फरशीवर सांडले. पडद्यावर त्या स्वतः उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात हळदीची वाटी, आणि गात होत्या. तोच जाड, खुला आवाज. मागे बायका ओढ धरत होत्या. जयश्री टीव्हीकडे बघत होती, आणि मग सासूकडे. मंगलाबाई सरकत सरकत माझ्या अगदी जवळ आल्या. त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या, "हाऊ मन्हाच आवाज शे."

आणि तेवढ्यात माझ्याकडून घात झाला.

ती फीत जुनी, कमी प्रतीची. वर चोरीच्या कॅसेटींची भुकटी वर्षानुवर्षं माझ्या रोलरवर साचलेली. रोलर चिकटला आणि फीत आत ओढली जाऊ लागली. आवाज वाकडा झाला, चित्र फाटलं. मी माझ्या परीनं थांबायचा प्रयत्न केला, पण मी थांबणारं यंत्र नाही, थांबवावं लागणारं आहे. जयश्रीनं झटकन बटण दाबलं. मी कॅसेट बाहेर ढकलली तेव्हा तिच्यामागून फितीचं एक लांब वेटोळं लोंबत आलं, आणि त्याचं दुसरं टोक माझ्या पोटात अडकलेलं होतं.

मंगलाबाईंनी हात पुढे केला. जयश्रीनं तो धरला. ती म्हणाली, "आई, ओढू नका. ओढली तर तुटेल."

तिनं वायर काढली. शिलाई मशीनच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि माझं झाकण उघडलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या पोटात उजेड पहिल्यांदाच पडला. ती घाबरलेली होती, पण तिचे हात स्थिर होते. शेवया मोकळ्या कराव्यात तशी तिनं एकेक घडी बोटानं उचलली. रोलर हळूच उलटा फिरवला, ढोलाभोवतीची फीत सोडवली. मंगलाबाईंनी टॉर्च धरला होता. फीत सुटली तेव्हा ती तुटलेली नव्हती. मधला एक तुकडा मात्र सुरकुतून गेला होता.

जयश्रीनं लगेच पुन्हा कॅसेट लावायची घाई केली नाही. शेजारच्या दवाखान्यातून थोडं स्पिरिट आणलं, मऊ कापडानं माझी हेड्स पुसली, रोलर पुसला. कापड तपकिरी झालं, मग दुसरं घेतलं, मग तिसरं. त्या दुपारी मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी योगेंद्र मिलमधून आला. जयश्रीनं त्याला दारातच काही सांगितलं नाही. चहा दिला, सगळ्यांना बसवलं, रंजनाला हाक मारली, आणि कॅसेट सुरू केली. योगेंद्रनं स्वतःला हळदीत पाहिलं आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला. बाबुरावनं फीत मशीननं खाल्ली म्हणून सांगितलं होतं. खाल्ली नव्हती. तीच कॅसेट सेलोटेप लावून त्यानं पुन्हा वापरली होती, तिच्यावर चोरीचा सिनेमा भरला होता, आणि तो सिनेमा विकला होता योगेंद्रलाच. वरात, मंगलाष्टकं, पंगती सगळं त्या मारधाडीखाली पुसून गेलं होतं. फीत उरली म्हणून जोडलेली गाणी तेवढी उरली होती.

योगेंद्रनं कप खाली ठेवला. मग जयश्रीला म्हणाला, "मी हौसेनं आणत गेलो त्या कॅसेटी. माझंच लग्न मी कपाटात लपवून ठेवलं होतं, कळलंही नाही."

जयश्री म्हणाली, "अर्धं गेलं. पण आईंचं राहिलं. माझं त्यावर भागेल."

धुडकू टीव्हीकडे तोंड करून मांडी घालून बसले होते. या वेळी ते नीट ऐकत होते. ओळ संपली की त्यांचे ओठ हलायचे.

रंजना मात्र उठून आत गेली. मला वाटलं तिला कंटाळा आला. ती परत आली ती तिचा टेपरेकॉर्डर घेऊन. तो टीव्हीच्या स्पीकरसमोर ठेवला, कोरी कॅसेट घातली, आणि म्हणाली की वहिनी, पुन्हा एकदा लाव, पण फक्त एकदाच. फीत सारखी फिरवली तर पुन्हा अडकेल. आवाज आपण यावर घेऊ आणि गाणी यावरूनच बसवू.

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. गल्लीतल्या मंदा आणि सुंदरा, रंजनाच्या दोन गुजराती मैत्रिणी आणि जयश्री. गुजराती मुलींना अहिराणीतलं अर्धं कळायचं नाही, पण त्या सगळ्यांत मोठ्यानं गायच्या. मंगलाबाई मध्ये बसायच्या. त्या ताल द्यायच्या, बोटानं चढ-उतार दाखवायच्या, चुकलं की हात वर करायच्या. इतके महिने त्यांच्या तोंडावर जी एक झाकोळ होती, ती तालमीत दिसायची नाही.

एका ओळीवर सगळ्या अडल्या. जिथं फीत सुरकुतली होती तिथं आवाज चिरकून गेला होता. ओळ येते आहे एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. मंदानं काहीतरी जुळवून म्हटलं, पण मंगलाबाईंनी हात वर केला. सुंदरानं दुसरं म्हणून पाहिलं. पुन्हा हात वर. शेवटी मंगलाबाईंनी रंजनाला जवळ बोलावलं.

रंजना त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपला कान आईच्या ओठांजवळ नेला. कुणीतरी पंखा बंद केला. मंगलाबाई कुजबुजल्या. रंजनानं मान हलवली, पुन्हा एकदा कान लावला. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग रंजना ताठ बसली, आणि ज्या अहिराणीला ती कायम मराठीत उत्तर द्यायची, त्या अहिराणीत मोठ्यानं म्हणाली,

"तुना नावनी हयद, मी मन्हा हाते दयी..."

तुझ्या नावाची हळद मी माझ्या हातानं दळली, असा त्याचा अर्थ. म्हणता म्हणता तो तिच्या लक्षात आला असावा. पुढची ओळ तिला सुरात घेता आली नाही. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मंगलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच हातानं बाकीच्यांना ताल दिला, म्हणजे तुम्ही पुढे म्हणा, थांबू नका.

हळदीच्या दिवशी डेक आला नाही. अंगणात मांडव पडला. मी घरात टीव्हीखाली होतो, पण दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. आधी जयश्रीनं गाणं उचललं, मग सगळ्या बायकांनी ओढ धरली. पांडेसऱ्यातून आलेल्या म्हाताऱ्या बायका आधी गप्प होत्या. त्यांना हे गाणं कितीतरी दिवसांनी ऐकू येत होतं. मग त्याही मिसळल्या. पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं की हे कुणी शिकवलं. जयश्रीनं सासूकडे बोट दाखवलं.

नंतर गल्लीत बातमी पसरली. लग्न निघालं की मुली मंगलाबाईंकडे यायला लागल्या. रंजनाच्या टेपवर गाणी ऐकायच्या, आणि शब्द अडले की मंगलाबाईंच्या तोंडाशी कान लावायच्या. एवढ्या मुली बोलावणं घेऊन दारात येतील, हे आवाज असतानाही त्यांना कधी वाटलं नव्हतं. कपाटातल्या ओरिजिनल कॅसेटी वाचनालयात गेल्या. बाकीच्या लखनला देण्याआधी जयश्रीनं एकेक शेवटपर्यंत चालवून पाहिली. दोन दिवस मी तेच काम करत होतो. त्यांत काही सापडलं नाही. कुणाच्या घरचं असं काही खाली दबलेलं नाही म्हणून ती समाधानानं हसली.

मित्रांनो, आता माझा रबरी रोलर कडक झाला आहे आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नाही. मी तक्रार करत नाही. भुकटी साचू दिली नसती, महिन्यातून एकदा कुणी पुसलं असतं, तर माझ्याकडून ती एक ओळ चुरगळली नसती, एवढंच वाटतं. तुमच्या घरातली यंत्रं पुसा. कपाटातली जुनी कॅसेट, जुनी तबकडी, जे काही असेल ते फेकण्याआधी किंवा त्यावर दुसरं भरण्याआधी एकदा शेवटपर्यंत चालवा. कुणीतरी श्रम करून केलेलं काम चोरून स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. त्याखाली कुणाचं काय पुसलं गेलं, हे आपल्याला दिसत नाही.

आणि एक गोष्ट मी यंत्र असूनही सांगतो. माझ्याकडे आवाज येतो तो कुणीतरी गाऊन झाल्यावर. तुमच्या घरात ज्यांना अशी गाणी येतात, ती आजी, ती आत्या, ती आई आज तुमच्यासमोर बसलेली असेल, तर माझं बटण शोधत बसू नका. तिच्याजवळ जाऊन बसा, आणि कान लावा.